ज्यांनी ज्यांनी हात लावला

“पण कार्ड जळलंय की नाही, एवढं तरी सांगाल?”

केतकीनं हे तिसऱ्यांदा विचारलं.

जॉबरअण्णा खुर्चीत मागं टेकून बसले होते. समोर टेबलावर तिचा कॉम्प्युटर होता. काळा, एका बाजूला काच असलेला. अण्णांनी त्याला अजून बोटही लावलं नव्हतं.

“अण्णा, मी तुमच्याशी बोलतेय.”

“ऐकतोय की.”

अण्णा इचलकरंजीत तीस वर्षं जॉबर होते. जॉबर म्हणजे यंत्रमागाचा वैद्य. शेडमधले माग भंगारात गेले, तेव्हा पन्नाशी उलटलेला हा माणूस कॉम्प्युटर शिकला. घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल, एक टॉर्च, स्क्रूड्रायव्हरचा एक डबा. पाटी नाही. तरी लोक येतात.

केतकी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. दोन सुट्ट्या ती अण्णांकडे शिकली. तिसऱ्या सुट्टीत तिला वाटलं, आता इथं शिकण्यासारखं काही उरलं नाही.

तिचं अगदीच चुकलं होतं असं नाही. अण्णांना नव्या कार्डांची नावंही धड येत नव्हती.

“परत सांग,” अण्णा म्हणाले. “पहिल्यापास्नं.”

“बुधवारी नवीन ग्राफिक्स कार्ड घातलं. नवी रॅम घातली. बटण दाबलं. पंखे फिरतात, दिवे लागतात, पडदा काळा. बाहेरची वायर बदलून बघितली. शेजारच्यांचा मॉनिटर लावून बघितला. काळाच.”

“आत बघितलंस?”

“आत काय बघायचं? कार्ड जळलंय.”

“बघितलंस?”

“...नाही. पण मला माहीत आहे.”

“मग माझ्याकडं कशाला आलीस?”

“दोन गोष्टींसाठी. एक, आज पाच वाजता आमची मॅच आहे. ऑनलाइन. जिंकलो तर पुण्याला फायनल. मी कॅप्टन आहे आणि माझंच मशीन बंद आहे. तुमच्याकडचं एखादं जुनं कार्ड आजच्यापुरतं द्या.”

“आणि दुसरी?”

“कार्ड जळलंय, असं तुमच्या तोंडानं सांगा.”

“कुणाला?”

“शमाला. तिनं बसवलं ते. मी म्हटलं तर तिला पटत नाही.”

अण्णांनी पहिल्यांदा मान वर केली.

“ही शमा कोण?”

“टीममध्ये होती.”

“होती?”

“काढलं मी तिला. बुधवारीच. ग्रुपवर लिहिलं, शमामुळे मशीन गेलं, शमा आजपासून टीममध्ये नाही.”

“किती जणी लागतात खेळायला?”

“पाच.”

“किती उरल्या?”

केतकीनं घड्याळाकडे पाहिलं. अडीच वाजले होते.

“पाचवी मिळेल कुणीतरी,” ती म्हणाली.

अण्णांनी बोटांवर चार मोजले.

“बरं,” ते म्हणाले. “ह्याला कुणी कुणी हात लावला?”

“सांगितलं ना. शमानं.”

“आणि?”

“आईनं. म्हणजे हात लावला असं नाही. नवीन वस्तू आली की तिला हळदकुंकू लागतं. नव्या मागाला करायचे तसं.”

“आणि?”

“आणि कोण? मी. मी रॅम बसवली. ती बरोबर आहे.”

“बघितलीस?”

“माझ्या हातानं बसवलीय. बघायला कशाला पाहिजे?”

अण्णा उठले. केतकीला वाटलं, आता स्क्रूड्रायव्हर घेतील. त्यांनी तिच्या स्कूटीची किल्ली टेबलावरून उचलली आणि तिच्यापुढे धरली.

“जा. दोघींना घेऊन ये.”

“कशाला?”

“ज्यांनी ज्यांनी हात लावला, ते सगळे समोर असल्याशिवाय मी झाकण काढत न्हाई.”

“हा कुठला नियम?”

“माग बंद पडला की विणकर समोर पाहिजे. त्याच्याशिवाय मी कधी पाना उचलला न्हाई.”

“अण्णा, हा माग नाहीये!”

“तेच म्हणतोय. मागाला एकच विणकर असतोय.”

केतकी लाल झाली.

“तुम्हा मोठ्या माणसांचं हेच असतं. साधं काम सांगितलं की आधी तेरा गावं फिरवून आणता. पाच मिनिटांत उघडून बघता आलं असतं.”

“आलं असतं.”

“मग?”

“तूबी बघू शकली असतीस. दोन दिवस होते.”

तिनं डब्यातला स्क्रूड्रायव्हर उचलला. अण्णांनी अडवलं नाही. उलट काचेची बाजू तिच्याकडे फिरवून दिली.

केतकीचा हात स्क्रूपर्यंत गेला...

तिथंच थांबला.

“काय झालं?” अण्णांनी विचारलं.

“काही नाही.”

“भीती वाटती?”

तिनं स्क्रूवरून नजर काढली नाही. मग म्हणाली, “खरंच जळलेलं निघालं तर?”

अण्णांनी तिच्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि पुन्हा किल्ली दिली.

•

आई घरी यंत्रावर मागाच्या धाग्याच्या कांड्या भरत बसली होती. यंत्र बंद करून ती तशीच उठली.

“अण्णांनी बोलावलंय? मला? काय गं, माझं काय चुकलं?”

“तुझं काही चुकलं नाही. चल फक्त.”

“कुंकू जास्त झालं का? थोडंसंच लावलं होतं हं मी. तेही पुठ्ठ्याच्या खोक्याला.”

“आई, चल ना.”

स्कूटीवर आई मागून विचारत राहिली. कुंकवात पाणी असतं, पाण्यानं शॉक लागतो का? पाण्याचं राहू दे, हळदीनं? केतकी हो-नाही म्हणत राहिली. रस्ता शमाच्या घराकडे वळला, तेव्हा कुठं आईचे प्रश्न थांबले.

शेजारच्या कबनूर गावातल्या गल्लीत शमानं दार उघडलं. केतकीला पाहून तिनं दार तसंच अर्धं धरलं.

“काय?”

“अण्णांकडे चल. मशीन उघडायचंय.”

“माझा काय संबंध? मी टीममध्ये नाहीये.”

“अण्णांनी बोलावलंय.”

“म्हणजे तू नाही बोलावलंस.”

केतकीनं आईकडे पाहिलं. खरं उत्तर ‘नाही’ असं होतं.

आई पुढे झाली. “शमा, बाळ, मलापण बोलावलंय बघ. मीपण आरोपीच आहे.”

शमाला हसू आलं. तिनं ते दाबलं.

“येते मी. पण एक अट आहे.”

“बोल,” केतकी म्हणाली.

“माझ्यामुळे झालं नाही असं निघालं, तर ग्रुपवर लिहायचं. जिथं माझं नाव लिहिलंस, तिथंच. मला एकटीला मेसेज करून नाही.”

“आणि तुझ्यामुळेच निघालं तर?”

“तर मी लिहीन. स्वतः.”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. दोन वर्षं त्या शेजारी शेजारी बसून खेळत होत्या. कुणी कुठं वळणार, हे न सांगता कळायचं.

“ठीक आहे,” केतकी म्हणाली.

शमा तिच्या स्कूटीवर बसली नाही. तिनं स्वतःची सायकल काढली.

•

साडेतीन वाजले होते.

अण्णांनी टेबलाभोवती तीन स्टुलं मांडून ठेवली होती. दुसरं काहीही केलेलं नव्हतं.

“बसा वहिनी. बस गं पोरी. तू शमा?”

“हो.”

“बसायला वेळ नाहीये अण्णा,” केतकी म्हणाली.

“मग उभी राहा.”

ती बसली.

अण्णांनी काच काढली. आत निळ्या-जांभळ्या वायरी, आडवं बसलेलं जाडजूड कार्ड, आणि बाजूला उभ्या रॅमच्या पट्ट्या. चौघं वाकून पाहू लागले, जत्रेत काचेच्या पेटीत काहीतरी दाखवतात तसे.

“वहिनी, तुमच्या हातानं काय काय केलं?”

“अहो, नुसतं कुंकू. खोक्याला. कार्डाला नाही हं, केतकी ओरडते.” आईनं पदर सावरला. “आणि मग... आपलं... अक्षता.”

“अक्षता?” केतकी जवळजवळ उठलीच. “कशावर टाकल्यास?”

“ह्याच्यावर. उघडंच होतं की हे.”

“आई! उघड्या मशीनमध्ये तांदूळ?”

“चारच दाणे गं. तू फोनवर होतीस. तुला विचारलं तर ‘हं’ म्हणालीस.”

अण्णांनी हात वर केला. केतकी बसली.

“शमा, तुझे हात?”

“मी कार्ड बसवलं. खाचेत ठेवलं, दाबलं. मग त्याची वायर लावली. ही वरची, करंट देणारी.”

“टक् वाजलं?”

शमा विचारात पडली...

“कार्डाचं वाजलं. वायरीचं... नाही आठवत. बसल्यासारखी वाटली.”

“जोर लावलास?”

“नाही.”

“का?”

शमानं केतकीकडे पाहिलं नाही. ती टेबलाकडे बघून बोलली.

“केतकी मागं उभी राहून सारखी म्हणत होती, जपून, जपून, मोडलंस तर बघ. वर्षभर सगळ्यांनी पैसे साठवून आणलंय म्हणाली. माझा हातच पुढं जाईना.”

अण्णा केतकीकडे वळले.

“केतकी, तू?”

“मी रॅम बसवली. सांगितलं ना.”

“कशी?”

“कशी म्हणजे? खाचेत घातली, दाबली.”

“दोन्ही हातांनी?”

“...एका.”

“दुसऱ्या हातात?”

“फोन. व्हिडिओ बघत होते, कसं बसवायचं त्याचा.”

आईला खुदकन हसू आलं. केतकीनं डोळे वटारले.

अण्णांनी टॉर्च घेतला. आधी वायर सोडवून कार्ड हळूच उचलून बाहेर काढलं. त्याच्या खाचेत उजेड टाकला. खाचेच्या टोकाला, अगदी तळाशी, पिवळा पडलेला तांदळाचा एक दाणा होता.

“अगंबाई,” आई म्हणाली.

अण्णांनी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेला एक पातळ हूक काढला. मागावर तुटलेला धागा फणीतून ओढायचा असतो, तो. त्यांनी तो स्वतः वापरला नाही. आईच्या हातात दिला.

“मी? नको हो. मोडेल काहीतरी.”

“तीस वर्षं धागे ओढताय वहिनी.”

आईनं पदर कमरेला खोचला. वाकली. एकदाच हात फिरला. दाणा तिच्या तळहातावर होता, आणि खाचेला हूकचं टोकसुद्धा लागलं नव्हतं.

शमा म्हणाली, “वा, काकू!”

अण्णांनी कार्ड परत बसवलं. मग करंटच्या वायरीचं टोक शमाकडे केलं.

“लाव.”

तिनं लावलं. हळूच.

“अजून.”

“मोडेल.”

“ते दाबून बसवायचंच असतंय. कुणी मागं उभं न्हाई आता. दाब.”

शमानं दोन्ही अंगठे ठेवले, डोळे मिटले आणि दाबलं.

टक्.

किती मोठा आवाज होता तो! बुधवारी असा वाजला असता तर सगळ्यांनाच आठवला असता. शमाचा चेहरा उतरला.

“हे... हे वाजलं नव्हतं तेव्हा,” ती म्हणाली.

 केतकीला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

अण्णांनी टॉर्च तिच्या हातात दिला. आणि ते खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसत उभे राहिले.

केतकीनं रॅमवर उजेड टाकला. नुसतं बघायचं म्हणून.

रॅमच्या पट्टीला दोन टोकांना दोन खटके असतात. पट्टी नीट बसली की दोन्ही आपोआप मिटतात. वरचा मिटलेला होता.

खालचा अर्धा उघडा होता.

आई तळहातावरचा दाणा बघत होती. शमा मान खाली घालून बसली होती. अण्णांची पाठ होती.

एका अंगठ्याचं काम. कुणाला कळलंही नसतं.

केतकीनं अंगठा ठेवला...

“शमा,” ती म्हणाली.

“काय?”

“इकडं बघ.”

शमा वाकली. टॉर्चच्या उजेडात तिनं तो खटका पाहिला. मग केतकीकडे पाहिलं.

“हा उघडा आहे,” केतकी म्हणाली. “हा माझा आहे.”

मग तिनं तो दाबला. टक्.

अण्णा वळले. त्यांनी आपला मॉनिटर जोडला आणि बटणाकडे बोट केलं. कुणी दाबायचं, ते सांगितलं नाही. शेवटी आईनंच दाबलं.

पंखे फिरले. कार्डाचेही फिरले. पडद्यावर आधी एक पांढरी रेघ आली, मग अक्षरं, मग सगळं निळं.

“चाललं!” आईनं टाळी वाजवली. दाणा खाली पडला.

केतकी ओरडली नाही. शमाही नाही.

सव्वाचार झाले होते.

“मग?” शमानं विचारलं. “कशामुळं होतं?”

अण्णा झाकणाचे स्क्रू गोळा करत होते.

“अण्णा, कशामुळं बंद होतं? तांदूळ, वायर, की रॅम?”

“तीनपैकी एक. न्हाईतर दोन. न्हाईतर तिन्ही.”

“असं कसं? मला कळायला पाहिजे.”

“तिला कळायलाच पाहिजे,” केतकी म्हणाली. तिचा आवाज चढला होता. “अण्णा, तुम्हीच शिकवलंत मला. एका वेळी एकच बदल करायचा. एक दुरुस्त करायचं, बटण दाबून बघायचं, मग दुसरं. पहिल्या दिवशी शिकवलंत. आणि आज तिन्ही एकदम केलंत. मुद्दाम!”

“ते शिकताना.”

“आणि आज?”

“आज पाच वाजता मॅच हाय.”

केतकीला हसावं की भांडावं ते कळेना. ती भांडली.

“हा अन्याय आहे. मोठ्यांना वाटतं, सगळ्यांचं थोडं थोडं चुकलं म्हटलं की भांडण मिटलं. तसं नसतं. हिचं नाव मी सगळ्यांसमोर घेतलंय. तिची चूक नसेल तर ते धुतलं गेलं पाहिजे. ‘सगळ्यांचं थोडं’ म्हणून चालणार नाही.”

अण्णांनी हे नीट ऐकून घेतलं. उलट बोलले नाहीत. रागावलेही नाहीत. मान हलवली, पटल्यासारखी.

“खरं हाय तुझं,” ते म्हणाले. “कळू शकतंय. पण चालू यंत्रात कुणाची चूक ते दिसत न्हाई. बघायचं तर परत बंद पाडावं लागंल. तिन्ही चुका एकेक करून परत घालायच्या. प्रत्येक वेळी उघडायचं, जोडायचं, बटण दाबायचं. तास जाईल.”

केतकीनं घड्याळाकडे पाहिलं.

तास म्हणजे सव्वापाच. त्यानंतर मशीन घरी न्यायचं, जोडायचं. मॅच गेलेली असेल. दोन वर्षं गेलेली असतील.

“घालायच्या?” अण्णांनी विचारलं.

त्यांनी शमाकडे पाहिलं.

शमाच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज सरळ होता. “मला माझं खरं कळायला पाहिजे. तुमची मॅच आहे, मला माहीत आहे. पण मी टीममध्ये नाहीये ना. माझ्याकडं वेळ आहे.”

आई म्हणाली, “अगं पोरींनो...”

“थांब आई.”

केतकीनं हात पुढे केला आणि बटण दाबलं.

पडदा काळा झाला. पंखे हळूहळू थांबले.

“केतकी!” आई ओरडली.

“रॅमपासून सुरू करा,” केतकी म्हणाली. तिनं अंगठ्यानं खालचा खटका उघडला.  “माझं आधी बघा.”

शमा तिच्याकडे बघत राहिली.

“आणि मॅच?”

“चौघींची मॅच नसते.”

“पाचवी मिळेल म्हणाली होतीस, असं कळलं मला.”

“कुणी सांगितलं?”

“तू ग्रुपवरच लिहिलं होतंस, बाई. मला काढायच्या आधी दोन मिनिटं. मी वाचत होते.”

केतकीनं मान खाली घातली. तिनं फोन काढला. बराच वेळ काहीतरी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. मग फोन शमापुढे धरला, पाठवण्याआधी.

शमानं मोठ्यानं वाचलं.

“‘मशीन कशामुळे बंद पडलं ते अजून कळलेलं नाही. शमामुळे, हे मी आत न बघताच लिहिलं होतं. रॅम मी बसवली होती आणि तिचा एक खटका उघडा होता. वायरीचं शमानं स्वतः सांगितलं. माझं मी आज सांगतेय. शमा टीममध्ये आहे, तिला यायचं असेल तर.’”

ती थांबली.

“काकूंच्या तांदळाचं नाही लिहिलंस.”

“ती टीममध्ये नाहीये.”

“अगं, माझ्याच तांदळानं सुरुवात झाली असेल!” आई म्हणाली. “लिही की माझंपण.”

दोघी हसल्या. एकदम नाही. आधी एक, मग दुसरी.

“माफ कर नाही लिहिलंस,” शमा म्हणाली.

“ते लिहायचं नव्हतं. म्हणायचं होतं.”

“मग म्हण.”

केतकीनं आईकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं. सगळ्यांच्या देखत म्हणणं तिला फार जड गेलं. म्हणूनच ती सगळ्यांच्या देखत म्हणाली.

“माफ कर शमा. चूक कुणाची का असेना. मी न बघता बोलले.”

 शमानं केतकीच्या फोनवर अंगठा ठेवून मेसेज पाठवला. मग वाकून रॅमचा तो खटका स्वतःच्या बोटानं मिटवला.

टक्.

“बंद पाडून बघायचंय ना?” केतकीनं विचारलं. “मी खरंच थांबेन.”

“सोमवारी बघू,” शमा म्हणाली. “सोडणार नाही मी. सोमवारी कॉलेज सुटलं की तू, मी आणि हे मशीन. एकेक चूक घालून बघायची. माझी निघाली तर मी लिहीन.”

“आणि माझी निघाली तर मी.”

“आणि माझी निघाली तर?” आईनं विचारलं.

“तर तू आम्हाला पुरणपोळ्या घाल,” केतकी म्हणाली.

“आत्ता चल,” शमा म्हणाली. “चार तेहतीस. मी सायकल इथंच ठेवते. काकू, तुम्ही रिक्षानं या. मशीन मी मांडीवर धरते.”

काच बसली, स्क्रू लागले. शमानं मशीन उचललं. लेकरू उचलावं तसं नाही, घट्ट, जोर लावून.

आई पुढे गेली. शमा पुढे गेली. केतकी उंबऱ्यापर्यंत गेली आणि वळली. तिला राहवलं नाही.

“अण्णा, खरं सांगा. तुम्हाला माहीत होतं ना, नेमकं कशामुळं ते?”

अण्णांनी टॉर्च विझवला. तीन स्टुलं एकावर एक रचली...

“मला माहीत असतं, तर तुम्हां तिघींना कशाला बोलावलं असतं?”